सरळ दिसणारा कोट

मापाच्या वहीखेरीज मी आयुष्यात फारसे काही लिहिलेले नाही, आणि त्या वहीतही आकडेच जास्त. पण जनरलच्या मुलीने गेल्या महिन्यात सांगितले, "काका, बाबांबद्दल काहीतरी कागदावर उतरवा. माझ्यापेक्षा जास्त तुम्ही त्यांना उभं राहिलेलं पाहिलंय." तिला नाही म्हणायला मला तोंड नव्हते. का नव्हते, तेच लिहायचे आहे. जमेल तसे लिहितो.

जनरल हे त्यांचे खरे नाव नव्हे. आमच्या शिवणकामाच्या दुकानापासून चार चौक पलीकडे एक मोठे हॉटेल आहे. त्याच्या दारावर ते एकतीस वर्षे उभे होते. गुडघ्याखाली जाणारा गडद निळा कोट, दोन रांगांत बारा पितळी बटणे, खांद्यावर दोरीची वेणी. तो कोट पहिल्यांदा घालून ते आमच्या आरशासमोर उभे राहिले, तेव्हा माझे सासरे म्हणाले, "याला आता लढाईवर धाडायला हरकत नाही." तेव्हापासून ते जनरल झाले, आणि हॉटेलातही तेच नाव गेले.

त्याआधी अकरा वर्षे त्यांनी त्याच हॉटेलात सामान उचलले होते. लोकांना वाटे, दरवानाचे काम म्हणजे दार उघडणे. जनरल म्हणत, "दार कोणीही उघडेल हो. पगार मिळतो तो दार बंद असताना उभं राहण्याचा." आणि ते उभे राहत ते असे, की येणारी-जाणारी मुले त्यांना पुतळा समजत. एकदा एका पोराने खात्री करायला त्यांच्या गुडघ्याला बोट लावून पाहिले, तर पुतळ्याने त्याला सलाम ठोकला. पोराने घाबरून भोकाड पसरले आणि आईने जनरललाच चार शब्द सुनावले. हा किस्सा ते दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी त्या आईचे शब्द थोडे वाढलेले असत.

स्वतःच्या उभे राहण्याचा त्यांना अभिमान होता. दुसरी कसली हौस मला तरी दिसली नाही. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनी एकट्याने वाढवले. सकाळी तिची वेणी घालायची, मग कोट चढवायचा, बटणे कापडाने पुसायची आणि दारावर जायचे.

हॉटेल दरवर्षी थंडीच्या तोंडावर त्यांना नवा कोट आणि पँट देई. कपडे आमच्याकडे शिवले जात. आधी सासरे कापत, त्यांच्या मागे मी. मी घरजावई. दुकान सासऱ्यांचे, कात्री सासऱ्यांची, आणि बायकोही सासऱ्यांची मुलगी, असे लोक म्हणत. त्यात खोटे काही नव्हते. काज-बटणाचे काम ती करते. मी मापे मोठ्याने सांगतो आणि ती वहीत लिहिते.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सरळ माणूस मी अजून पाहिलेला नाही. कोणाचा एक खांदा उतरलेला असतो, कोणाचे पोट सुटलेले असते. कपडा नीट बसायचा तर हे टिपून ठेवावे लागते. पण माप मोठ्याने सांगायचे आणि गिऱ्हाईक तर समोर उभे. म्हणून सासऱ्यांनी खुणेचे शब्द ठरवले होते. पोट सुटले असेल तर 'घागर'. खांदा उतरला असेल तर 'फांदी'. कंबर आत वळली असेल तर 'चंद्र'. एक पाय आखूड पडत असेल तर 'पायरी'. "छाती चाळीस, चंद्र अर्धा," असे म्हटले की लिहिणाऱ्याला कळे आणि गिऱ्हाईक खूश राही. सासऱ्यांचा नियम एकच होता: गिऱ्हाइकाचे शरीर गिऱ्हाइकाला सांगायचे नाही. ते कापडाला सांगायचे.

हा नियम मी तंतोतंत पाळला.

जनरल पन्नाशी ओलांडून दोन-तीन वर्षे झाली असतील. त्या वर्षी त्यांच्या पँटची उजवी मोहरी बुटावर गोळा होऊ लागली. डावी बरोबर होती. मी पुन्हा टेप लावली. "पायरी, उजवी, पाव," मी म्हणालो. बायकोने लिहिले आणि मान वर करून त्यांच्या पायांकडे पाहिले. जनरल आरशात मिशी बघत होते.

पुढच्या वर्षी कोटाच्या पाठीला कमरेवर आडवी घडी पडू लागली. कंबर आत गेली होती, पोट थोडे पुढे आले होते. चंद्र अर्धा. त्याच्या पुढच्या वर्षी चंद्र पाऊण आणि उजवी फांदी. म्हणजे चालताना ते उजवीकडे कलू लागले होते आणि उभे असतानाही तो खांदा खाली राहू लागला होता. मी पाठीतून कापडाची पाचर काढली, पुढचा भाग लांब केला, उजव्या खांद्यात भरावाचा आधी एक आणि मग दोन थर घातले. खांद्यावरची वेणी अशी लावली की नजर वर जावी. कोट चढवून जनरल उभे राहिले की पूर्वीसारखेच दिसत. त्यांना दारावर बघायला मी मुद्दाम हॉटेलवरून फिरून येत असे. खोटे कशाला सांगू, मला आनंद होई. माझ्या हातचे इतके अवघड काम शहरात दुसरे नव्हते.

ते म्हणत, "कंबर धरलीय हो मास्तर." औषधाच्या दुकानातून पट्टा आणला. गरम पाण्याची पिशवी झाली. गादीखाली फळी झाली. कोणीतरी दिलेल्या कागदावरून सकाळी पाठीचे व्यायाम करू लागले. मोजे मुलगी घालून देई. "राणीसरकार रोज माझ्या पाया पडते," असे ते सांगत आणि हसत. आमच्याकडे आले की चहा उभ्यानेच पीत. कोटाला चुण्या पडतात म्हणत. कोट अंगात नसे त्या दिवशीही उभेच असत.

चौथ्या वर्षी पायाचे आतले माप घेताना टेपचे टोक जांघेत लागले आणि त्यांनी दचकून कापायच्या टेबलाची कड धरली. कपाळावर घाम आला. हे माप घेताना बायको नेहमी पाठ फिरवून उभी राहते, त्यामुळे तिला दिसले नाही. पण त्यांचा श्वास तिने ऐकला.

"दुखलं का?" मी विचारले.

"कंबर," ते म्हणाले.

माझा हात कमरेच्या जवळपासही नव्हता. ते लाल झाले. मीही खाली बघून टेप गुंडाळू लागलो. आमच्या वयाच्या दोन पुरुषांनी जांघ हा शब्द एकमेकांसमोर काढायचा नसतो. डॉक्टरसमोरही त्यांनी तो काढला नव्हता, हे मला फार उशिरा कळले. तिथेही ते कंबरच म्हणत, आणि डॉक्टर कमरेचेच औषध देत.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्यांना सांगा तरी."

"काय सांगू?"

"उजवी बाजू खचतेय म्हणून. चार वर्षांच्या वह्या आहेत आपल्याकडे."

"आपण शिंपी. डॉक्टर नाही."

"डॉक्टरसमोर ते पाच मिनिटं बसतात आणि कंबर म्हणतात. आपल्याकडे अर्धा तास उभे असतात."

मी तिला तिच्या वडिलांच्या नियमाची आठवण करून दिली. "माझ्या बापाचं मला नका शिकवू," ती म्हणाली, आणि दोन दिवस कामापुरतेच बोलली.

मी सांगितले नाही. नियम हे निमित्त होते. खरे कारण लिहायला हात कचरतो. त्यांना कळले असते तर ते औषधपाणी करायला गेले असते, काठी धरली असती, कदाचित दारावरून हटले असते. मग माझा कोट कोणाच्या अंगावर दिसला असता? हा विचार असा शब्दांत कधी आला नाही. पण तो होता. त्यानंतरची पाच वर्षे मी तेच केले. चंद्र वाढला, फांदी वाढली, पायरी पाऊण इंचावर आली. शेवटच्या दोन वर्षांत ते कमरेतून पुढेही झुकू लागले, आणि त्यावर मी कॉलर वेगळी कापली.

नवव्या वर्षी हॉटेलात नवीन मॅनेजर आला. त्याला लांब कोट जुनाट वाटले. एका सोमवारी सगळ्यांना कारखान्यात शिवलेली राखाडी आखूड जाकिटे मिळाली. त्याच दिवशी दुपारी जनरल ते जाकीट घालून दुकानात आले.

दारातच मला चटका बसला. मी त्यांना दरवर्षी शर्टावर पाहत होतो, पण टेप हातात असताना माणूस तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. त्या दिवशी अख्खा दिसला. उजवी बाही मनगटाखाली लोंबत होती, डावी वर चढली होती. मागची कड बदकाच्या शेपटीसारखी उचलली होती. प्रत्येक पावलाला ते उजवीकडे कलत आणि पुन्हा वर येत.

"मास्तर, या कारखान्यात आंधळे बसवलेत का?" ते म्हणाले. "एक बाजू खाली, एक वर. साहेब म्हणतो, दारावर हे बरं दिसत नाही. आठ दिवसांत नीट करा, नाहीतर सामानाच्या खोलीत बसा. अहो, कापडाचा दोष आणि शिक्षा मला."

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरेच तसे वाटत होते. सकाळपासून दाराच्या काचेत बघून ते जाकिटाची उजवी बाजू वर ओढत होते.

त्या क्षणी सांगता आले असते. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मी जाकीट उतरवून घेतले आणि म्हणालो, "गुरुवारी देतो." बायको आत निघून गेली.

बुधवारी त्यांची मुलगी आली. एका शाळेच्या कचेरीत ती काम करते. जाकिटाची आता घाई नाही, असे सांगायला आली होती. मॅनेजरचे बोलणे ऐकून तिनेच सुट्टी काढून बाबांना मोठ्या डॉक्टरांना दाखवले होते. फोटोत मणके झिजलेले दिसले आणि पाठीचे ऑपरेशन ठरले, पुढच्या पंधरवड्यात. डॉक्टरांनी विचारले, असे कलून चालणे कधीपासून आहे? तर बाबा म्हणाले, सोमवारपासून, नवीन जाकीट आल्यापासून.

"काका, तुम्ही तर दरवर्षी माप घेता," ती म्हणाली. "आधी ते असे नव्हते ना?"

बायकोची सुई काजावर थांबली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"नाही," मी म्हणालो. "असं काही खास नव्हतं."

मुलगी गेली. बायकोने सुई गिरदीत खोचली, फळीवरून नऊ वह्या काढल्या, माझ्यासमोर कापायच्या टेबलावर ठेवल्या आणि पिशवी घेऊन बाजारात निघून गेली.

मी जनरलची पाने एकापुढे एक उघडून मांडली. तिच्या अक्षरात सगळे स्वच्छ होते. पहिल्या वर्षी फक्त पायरी. चंद्र दुसऱ्या वर्षी. फांदी तिसऱ्या वर्षी. पाय आधी गेला होता, पाठ त्याच्या मागे गेली होती. मला वैद्यकीतले काही कळत नाही, पण एखाद्या कपड्यात ताण कुठून सुरू झाला आणि घडी कुठे पडली, एवढे कळते. घडीच्या जागी कापून ताण जात नाही. आणि डॉक्टर त्यांची पाठ कापायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी भर कामाच्या वेळी दुकान बंद करून मी त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला. जनरल स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर टेकून बसले होते. खुर्चीतून उठता येत नाही म्हणून ते असे बसतात, हे मला पहिल्यांदाच कळले. मला बघून ते खुलले. "झालं जाकीट?"

मी वह्या टेबलावर ठेवल्या. कसे सांगितले ते आता नीट आठवत नाही. खुणेचे शब्द एकेक करून सांगितले, वर्ष सांगितले, कोटात काय काय घातले होते ते सांगितले. मुलगी वाकून वाचू लागली. एकदा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "काल मी विचारलं होतं," एवढेच म्हणाली.

जनरल म्हणाले, "चंद्र म्हणजे मला वाटायचं, छातीचं काहीतरी."

मी मान हलवली.

"एकतीस वर्षं त्या काचेत बघतोय मी. रोज. मला वाटायचं, दुखतंय खरं, पण उभा तर सरळ आहे." त्यांनी बोटाने वही दूर सरकवली. "म्हणजे तो मी नव्हतोच. तुमचा कोट उभा होता."

अजून एक गोष्ट राहिली होती आणि ती मुलीसमोरच बोलायला हवी होती. मी म्हणालो, "त्यांचं कमरेत दुखत नाही. म्हणजे, आधी कमरेत नाही. जांघेत दुखतं, उजव्या. टेप लागली की कळवळतात. मला पाच वर्षं माहीत आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा?"

त्यांनी तोंड भिंतीकडे केले. इतकी वर्षे हजारो लोकांसमोर ताठ उभा राहिलेला माणूस आपल्या मुलीकडे बघू शकत नव्हता, आणि त्याला त्या जागी मी आणून बसवले होते. शेवटी ते भिंतीलाच म्हणाले, "जांघेत. आधी तिथे. मग खाली गुडघ्यापर्यंत."

मग मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही आता जा."

मी गेलो. वह्या तिथेच राहिल्या.

पुढचे मला मुलीकडून कळले, तेही तुटक. दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंनी त्यांना टेबलावर उताणे झोपवले, कमरेखाली स्वतःचा हात सरकवला आणि डावा गुडघा पोटाशी धरायला सांगितला. तो धरताच उजवी मांडी आपोआप टेबलावरून वर उचलली गेली. दाबूनही खाली टेकेना. बाई म्हणाल्या, खुब्याचा सांधा झिजून आखडला आहे. मांडी मागे जात नाही, म्हणून उभे राहायला कंबर आत वळते. जे खुब्याला जमत नाही ते पाठ करते, आणि करून करून तीही थकते. फोटो खुब्याचा काढला. गोळा आणि वाटी यांच्यात फट उरलेली नव्हती. पाठीचे ऑपरेशन रद्द झाले. चार महिन्यांनी खुबा बदलला. बाईंनी आधीच सांगून ठेवले होते, की दुखणे बरेच कमी होईल, पण इतक्या वर्षांत पाठही ताठरली आहे, ती सगळी परत येईलच असे नाही.

लवकर कळले असते तर काय झाले असते, हे मी कोणाला विचारले नाही. धीर झाला नाही.

दार त्यांना परत मिळाले नाही. निवृत्तीपर्यंतचे दीड वर्ष सामानाच्या खोलीत काढायचे ठरले. खुर्चीवर बसून पावत्या फाडायच्या. दुकानाकडे ते फिरकले नाहीत. बायको दोनदा त्यांच्याकडे जाऊन आली. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही, आणि मी विचारायच्या लायकीचा नव्हतो.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मुलीचा निरोप आला. तिची सुट्टी संपली होती. बाबांना रोज सकाळी घरातल्या बोळात चालायचा सराव करायचा आहे, समोर कोणीतरी हवे, आणि बाबांनी तुमचे नाव घेतले. मी दोनदा विचारले, माझेच का? ती म्हणाली, "तुम्हीच विचारा."

मी विचारले. जनरल बनियन आणि अर्ध्या चड्डीवर भिंतीशी उभे होते. त्यांना तसे मी कधी पाहिले नव्हते. मांडीवर लांब लाल व्रण. ते म्हणाले, "मुलगी गोड बोलते. काहीही केलं तरी छान म्हणते. तुम्हाला दिसतं. आता बोलायला शिका."

ते चालू लागले. डावा, उजवा, डावा. बोळाच्या टोकाला वळून परत आले.

"सरळ आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "उजवीकडे झुकताय."

ते थांबले. भिंतीला हात न लावता खांदा वर घेतला. "आता?"

"कमी झालं. पण आहे."

"किती?"

"अर्धा इंच."

"पाव असेल. नीट बघा."

मी समोर जाऊन बसलो, एक डोळा मिटून पाहिले. "अर्धाच आहे."

त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा चालायला लागले. दारापर्यंत पोहोचेतो मला आणखी दोनदा सांगावे लागले.